बाल्कनीतला मारवा

नाही नाही, टोचत वगैरे काही नाही उर्वी मॅडम, शिट्टी पण वाजत नाही — कानातलं यंत्र चालू आहे, एकदम चालू आहे, तक्रार ती नाहीच. बकुळा, म्हणजे आमच्या मिसेस, त्या काय बाहेर बाकावर बसल्यात पिशवी घेऊन, त्या तर खूश आहेत. पीठ संपलंय म्हटलं की मी पहिल्या हाकेला उठतो. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आता त्यांच्यापेक्षा मीच नीट मोजतो, परवा तर बेल वाजवून सांगून आलो, चार झाल्या, गॅस बंद करा. सगळं ऐकू येतं. फक्त मारवा आणि पूरिया एकच ऐकू येतात. तेवढं रविवारच्या आत करून द्या, बाकी काही नको.

राग हो, गाण्यातले. तुम्ही ऐकता? — नाही. बरं, असू दे, नाही ऐकत तर नाही ऐकत, तसा काही नियम नाही. पण मग कसं समजावू तुम्हाला? बघा, लोकांना वाटतं राग ओळखायचा म्हणजे सूर मोजायचे, हा कोमल, तो तीव्र, वहीत बघायचं, झालं. तसं नसतं. आमची नायगावची बीडीडी चाळ — आता सोडली, ती पाडून नवी होईपर्यंत ट्रान्झिटच्या इमारतीत आहोत, बाराव्या मजल्यावर — तर चाळीत मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूला खोल्या. दार लावून आत बसलं तरी चपलेवरून कळायचं कोण चाललंय. चपला सगळ्यांच्या सारख्याच, एकाच दुकानातल्या. पण एकजण दोन पावलं टाकून थांबणार, एकजण नळाशी पाय ओढणार, एकजण आपल्या दाराशी आला तरी आत न जाता तिथंच घुटमळणार. तसं असतं ते. मारवा आणि पूरिया, दोघांचे सूर तेच, एक इकडचा तिकडं नाही. पंचम दोघांना नाही, वेळ दोघांची दिवेलागणीची. पण मारवा सा वर यायलाच तयार नसतो, आसपास फिरतो, रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, सा म्हटलं की अंग चोरतो. मी म्हणायचो, मारव्यात माणूस घराबाहेर उभा आहे आणि खिशात चावी नाही. पूरियात माणूस घरात आहे, फक्त दिवा लावलेला नाही.

हे वाक्य माझंच आहे, हो. कमलाकांतला सांगितलं होतं, पहिल्या भेटीत. कमलाकांत म्हणजे माझा मित्र. गिरगावातला. जुनी माणसं, आजोबांच्या काळापासून घरात बैठका, मोठमोठे गवई जिन्यात चपला काढून वर जायचे म्हणे. तर ब्याऐंशी साल, दादरला शाळेच्या पटांगणात तीन दिवसांचा उत्सव, मी टेलिफोन खात्यातून ड्यूटी संपवून तसाच आलेलो, बॅग खांद्याला, बॅगेतून वायरी बाहेर. मी शेजारच्याला हळूच म्हटलं, मारवा. तर पुढच्या रांगेतला हा वळला. माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, म्हणाला, पूरिया कशावरून नाही? मी सांगितलं, चावी, दिवा. मग म्हणाला, तुमच्याकडे कोण गातं? म्हटलं, वडील. जलशात गायचे, पायपेटी वाजवायचे, बाबासाहेबांची गाणी, सगळी मुंबई पायाखाली घातलेली त्यांनी. म्हणाला, घराणं कुठलं? मी म्हटलं, नायगाव, बीडीडी, खोली नंबर बावीस. तो हसला नाही. मला आवडलं ते, हसला नाही ते. तेव्हापासून आम्ही बरोबर.

नाही, विषयांतर नाही हे, यंत्राचंच सांगतोय. तर आमची एक पद्धत आहे — कार्यक्रमपत्रिका असते ना, ती मधोमध फाडायची, अर्धी त्याला, अर्धी मला. आलाप सुरू झाला की ज्यानं त्यानं रागाचं नाव लिहायचं, तबल्याची पहिली थाप पडायच्या आत. घडी घालायची, खिशात टाकायची. मध्यंतरात चहा-वडा घेऊन एकमेकांची उघडायची. चुकला त्यानं पुढच्या वेळी अर्धा तास आधी जाऊन दोघांची जागा धरायची. बस, एवढंच. हल्लीचे गवई आधीच माइकवर नाव सांगून टाकतात, तिथं आम्ही जात नाही. चाळीस वर्षं चाललंय. आणि मॅडम, चाळीस वर्षांत त्या माणसानं मला एकदा सूट दिली नाही. एकदा. माझे वडील गेले, महिनाही झाला नव्हता, मी गेलो ऐकायला, लक्ष कुठलं लागणार — बागेश्री चाललेला, मी रागेश्री लिहून बसलो. सगळे तेव्हा माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. यानं चिठ्ठी उघडली, म्हणाला, दत्ताराम, चुकलास, पुढच्या वेळी जागा धर. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. घरी जाऊन बकुळाला सांगितलं तर ती म्हणाली, मेल्याला काळीज नाही. तिला नाही कळलं ते.

कारण काय, त्याचं चुकणं वेगळं, माझं चुकणं वेगळं. तो चुकला तर आजूबाजूचे म्हणणार, कमलाकांतरावांचं आज लक्ष नव्हतं. मी चुकलो तर म्हणणार, ह्यांना कळलंच कधी होतं. तोंडावर नाही म्हणत कुणी, शिकलेली माणसं आहेत. पण वडा खाताना चेहरा दिसतो ना माणसाचा. तेव्हा मला बरोबर असावंच लागायचं. आणि असायचो. कान होता मॅडम माझा. खात्यात मी लाइन टेस्टर, रिसीव्हर कानाला लावला की नुसत्या खरखरीवरून सांगायचो, शिवडीला केबल भिजलीय, अमुक पेटीपासून पुढं खणा. खणलं की सापडायचं. साहेब लोक मशिन आणायचे जर्मनीचं आणि शेवटी मला बोलवायचे.

आता सांगतो. मागच्या वेळी तुम्ही काय म्हणालात — हे यंत्र हुशार आहे, एकसारखा चालू राहणारा आवाज ते गोंगाट समजून कमी करतं. पंखा, एसी, फ्रिज. बरोबर? मॅडम, तानपुरा एकसारखाच चालू असतो. तेच तर त्याचं काम आहे. तुमच्या यंत्रानं तानपुराच वजा करून टाकला. तानपुरा गेला म्हणजे सा गेला, घरच गेलं, आता बाहेर कोण उभं आहे आणि आत कोण बसलंय हे मी कशावरून सांगायचं? गवई तोंड उघडतो, आवाज येतो, चांगला मोठा येतो, पण सगळं अधांतरी. यंत्र काढून ठेवलं तर तानपुरा असल्यासारखा वाटतो, पण मग गवईच नाही. दोन्हीपैकी एक घ्या म्हणतं.

कधीपासून? — तुमच्याकडे आलो मार्चमध्ये. — त्याच्या आधी? — होतं थोडं. — किती म्हणजे, वर्ष. सव्वा वर्ष. लिहा सव्वा वर्ष. नाही, ओळखत होतो की! सव्वा वर्ष एकही चिठ्ठी चुकली नाही माझी.

कसं काय म्हणजे?

दार लावून घेता का जरा. बकुळाला यातलं काही माहीत नाही.

पेटीवाल्याची बोटं बघायचो. त्यात काय एवढं. वडिलांची पायपेटी होती घरात, लहानपणापासून पट्ट्या पाठ आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं लख्ख दिसतं. गवई काळी एकमध्ये गातोय, म्हणजे त्याचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर, हे कळलं की बाकी हिशेबच आहे — पांढरी दोनला बोट गेलं, रिषभ कोमल. पांढरी पाचला गेलं, मध्यम तीव्र. सगळं दिसतं. फक्त बोटं दिसायला हवीत, त्यासाठी हॉलच्या बाल्कनीत बसायला लागतं, उजव्या बाजूला. खालून पेटीचा भाता आणि पेटीवाल्याचा गुडघा दिसतो. तेव्हा कमलाकांतला म्हटलं, आता वर बसत जाऊ, आवाज वर छान पोचतो. आला. लगेच आला.

चोरी म्हणा हवं तर. मी नाही म्हणत. सूर तर खरेच होते ना, कानातून आले काय, डोळ्यातून आले काय. — हां, म्हणतो. मी पण चोरीच म्हणतो. पण दुसरं काय करणार होतो? तो चिठ्ठी उघडणार, चुकलास म्हणणार, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा म्हणणार नाही. तिसऱ्यांदा गप्प बसणार. त्याची भीती होती मला. बाकी कान काय, वय झालं, जायचाच.

आणि मग गेल्या महिन्यात तो प्रकार झाला. संध्याकाळची मैफल, पुण्याचा तरुण गवई, पट्टी काळी एक. मी बोटं बघतोय. पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी पाच. काळी चारला बोट लागेना — म्हणजे पंचम नाही. झालं की हो, मारवा नाहीतर पूरिया. पुढं? पुढं काय, पट्ट्या त्याच! बोटांवरून कसं कळणार, तिथं कानच लागतो. मी यंत्र आत दाबलं, काढलं, परत घातलं. काही नाही. तबलजीनं हातोडी खाली ठेवली, थाप पडणार, म्हटलं लिहून टाक. पूरिया लिहिलं. पाऊण तासानं गवई हात जोडून म्हणतो, आत्ता आपण राग मारवा ऐकला.

मी चहाला गेलोच नसतो, पण तो उठला म्हणून उठलो. वड्याची प्लेट हातात, त्याची चिठ्ठी उघडली. काय असेल? पूरिया! त्याची पण पूरिया! मग मला जोर आला. म्हटलं गवयाचंच चुकलं, नाव एक सांगतो नि गातो भलतंच, आजकालची पोरं. तोही म्हणाला, बरोबर, पूरियाच होता तो, नाव काही का सांगेना. मोठ्यानं म्हणाला. मागे एक बाई उभ्या होत्या, उर्मिलाबाई म्हणून, नेहमी येतात, त्या म्हणाल्या, अहो काहीतरीच काय, सरळसरळ मारवा होता, किती वेळ रिषभावर उभा होता बिचारा. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या चटणी आणायला निघून गेल्या.

तर मला एवढंच म्हणायचंय, की चूक यंत्राची असेलही, पण गवयाचीही असू शकते. दोघांना एकच राग ऐकू आला तर —

काय म्हणालात? इकडे बघून बोला.

मला वाईट वाटू नये म्हणून? कमलाकांतनं? मुद्दाम? — नाही. मॅडम, तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून बोलताय. जो माणूस माझा बाप गेला तेव्हा सूट देत नाही तो — नाही. आणि दिली असेल ना, तर मी त्याचं तोंड बघणार नाही. खरंच सांगतो. दया करायला चिक्कार लोक आहेत जगात, ट्रेनमध्ये सीट देतात, पिशवी उचलतात, माझी ना नाही. त्यानं नाही करायची. तो एकच माणूस आहे मुंबईत ज्यानं मला चुकीला चूक म्हटलं, आणि आता तो जर माझं बघून मुद्दाम चुकीचं लिहायला लागला असेल तर —

माझं बघून.

नाही, थांबा. चिठ्ठी खिशात असते ना घडी घालून. — त्याच्या आधी? आधी गुडघ्यावर. गुडघ्यावर ठेवून लिहितो मी, मोठ्या अक्षरात लिहायची सवय आहे, केबलच्या पट्ट्यांवर लिहून लिहून. तो डावीकडे बसतो. — पूर्वी? पूर्वी उजवीकडे बसायचा. बाल्कनीत गेल्यापासून डावीकडे, म्हणतो पंख्याचा वारा लागतो. बाल्कनीत पंखा नाही. — आधी कोण लिहितं? पूर्वी तोच. पहिल्या दोन सुरावटी झाल्या की लिहून मोकळा, मला हिणवायचा, झालं का रे तुझं. आता नाही लिहीत. म्हणतो घाई कशाला, उलगडू दे राग. मी लिहून झालं की मग लिहितो.

दुसरी रांग सोडून वर यायला एका शब्दात तयार झाला तो. चाळीस वर्षांची दुसरी रांग. मी तर त्याला पटवायला तीन कारणं तयार करून गेलो होतो, दोन तशीच राहिली.

फोन पण करत नाही. मेसेज टाकतो. तासतास फोनवर बोलणारा माणूस, आता लिहितो, 'रविवारी माहीम, दहा वाजता.' मला वाटलं नातवानं शिकवलं, नवी हौस आहे. मी फोन केला तर उचलत नाही, मागून लिहितो, अंघोळीला गेलो होतो. दिवसातनं किती वेळा अंघोळ करतो माणूस?

म्हणजे मी पेटीवाल्याचं बघतोय आणि तो माझं बघतोय. आणि राग कोण ओळखतंय? सव्वा वर्ष, मॅडम. बाल्कनीत दोघं बसून माना डोलावतोय, आजूबाजूची लोकं आम्हाला विचारतात, काका कुठला राग, आणि आम्ही सांगतो. बरोबर सांगतो! मी लाइन टेस्टर, नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात, आपल्या टोकाला दोष मिळाला म्हणून दुसरं टोक तपासायचं सोडू नका. सोडलं मी. आपलाच कान खराब म्हणून लाज वाटत बसलो. तो शेजारी बसून काय करत असेल हे एकदा बघितलं नाही.

खरं तर मला मजा वाटायला पाहिजे. आजोबांच्या घरात बैठका, जिन्यात चपला, आणि शेवटी उतरवून कुणाचं काढलं, तर खोली नंबर बावीसचं. नाही वाटत मजा. मारवा त्याला प्राणासारखा आहे हो. त्याची आई गेली तेव्हा कुणाशी बोलला नाही, आठवडाभर मारवा लावून बसला होता, खोताच्या वाडीपर्यंत ऐकू जायचा. आणि गेल्या महिन्यात तोच समोर पाऊण तास चाललेला, आणि ह्याला माझ्या कागदावर बघावं लागलं. त्यावर पण मी चुकीचं लिहिलेलं. सव्वा वर्ष बाकी सगळे राग पुरवले त्याला, त्याचा मारवा तेवढा धड नाही पुरवला.

आणि मोठ्यानं भांडला माझ्या बाजूनं. चिठ्ठी त्याचीही चुकलेलीच होती, भांडला माझ्यासाठी, की स्वतःसाठी, त्यालाच माहीत.

नाही, पाणी नको.

रविवारचं सांगायचं राहिलं. रविवारी माहीमला सारंगीची साथ आहे. पेटी नाही. सारंगीवर काही दिसत नाही, नुसती नखं सरकतात. म्हणून आलो होतो घाईनं, की काहीतरी करा, तानपुऱ्यापुरतं तरी यंत्राला गप्प बसायला सांगा. होईल म्हणता? गाण्याचा वेगळा प्रोग्राम असतो? मग पहिल्या दिवशीच का नाही — मी सांगितलंच नव्हतं. हो. ते पण खरं. मला वाटलं, वयस्कर माणसानं पीठ आणि कुकर ऐकू येतं म्हणावं, बस. बरं, घाला तो प्रोग्राम. पण पूर्वीसारखं नाही होणार ना? — नाही होणार. ठीक आहे. स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं.

मग पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दोन वेळा लिहून ठेवा, लागोपाठच्या. एक माझी. दुसरी कमलाकांतची. — नाही विचारलं त्याला. तोंडानं विचारलं तर गिरगावचा माणूस आहे, हसण्यावारी नेईल, नाहीतर चिडेल, म्हणेल कान तुझा गेला असेल. नाही, बोलायचं नाहीच. रविवारी मी नेहमीसारखा बाल्कनीत बसणार, पत्रिका मधोमध फाडणार, अर्धी त्याला देणार. आलाप सुरू झाला की कागद गुडघ्यावर घेणार, डाव्या गुडघ्यावर, त्याला नीट दिसेल असा, आणि रागाच्या नावाच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिणार — मला ऐकू येत नाही. मग घडी न घालता बसून राहणार, तबल्याची थाप पडेपर्यंत. बघू तो काय लिहितो.

बस झालं, द्या ते यंत्र इकडे. पुढच्या पेशंटला बोलवा.